पंगतीतला एक चपटा गोळा

स्पार्टा, कार्नेइयाचा सण संपल्यावर तिसरा दिवस

यूथिक्लस दाजींना तेलेस्तासचा नमस्कार.

बातमी वाईट आहे. ताई रागाच्या भरात काहीबाही कळवेल, त्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहितो. तुमच्या दामोनला आपल्या पंगतीने घेतलं नाही.

सगळं नेहमीसारखंच झालं. पोरगा दाराबाहेर उभा होता, अंघोळ करून, केस विंचरून. आम्ही पंधराजण बसलेलो. वाढपी हेलोट गुलाम डोक्यावर कटोरा घेऊन सगळ्यांसमोरून फिरला आणि ज्याने त्याने भाकरीच्या मऊ गराचा गोळा करून वर टाकला. कुणी चकार शब्द काढला नाही, काढायचा नसतोच. मग म्हाताऱ्या पोलियारखाने कटोरा फळीवर उपडा केला. चौदा गोळे गोल होते. पंधरावा चपटा, मुठीत घट्ट दाबलेला. एकाला नको तर पंगतीला नको, हा नियम तुम्हाला मी काय सांगू? पोलियारखाने तो चपटा गोळा उचलून बाजूला ठेवला. मग बाहेर जाऊन पोराला म्हणाला, "घरी जा."

दामोनने मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोन पंगतींच्या दारात जाऊन आला. दोन्हीकडे एकच प्रश्न, "बापाच्या पंगतीने काय केलं?" पुढे कटोरा फिरलाच नाही.

थंडी सुरू होताना एफोर अधिकारी नव्या समान नागरिकांची नावं वाचतील. ज्याला पंगत नाही त्याचं नाव नाही. मग त्याला ना सैन्याच्या ओळीत जागा, ना सभेत आवाज, ना कुणाची मुलगी. सातव्या वर्षापासून त्याने उपास काढले, चाबूक खाल्ले, थंडीत नदीकाठचं गवत अंथरून झोपला, ते सगळं पाण्यात.

सगळ्यांचा संशय सोसिलसवर आहे. तो तसा कडवटच माणूस. मी काय बोलणार? फार वाईट वाटतं.


बेटावरचा किल्ला, द्राक्षं काढायला लागल्याचा सहावा दिवस

यूथिक्लसकडून तेलेस्तासला.

पत्र मिळालं. केवढं लांब! मला वाटलं चुकून कुण्या बडबड्या अथेन्सवाल्याचं माझ्याकडे आलं.

सोसिलस. दुसरं कोण असणार? आम्ही तिशीत असताना सगळ्या मैदानासमोर मी त्याला तीनदा पाठीवर पाडला आणि तिसऱ्यांदा हसलो. ते हसू तो विसरला नाही. वीस वर्षं दाबून ठेवलं आणि शेवटी माझ्या पोरावर काढलं.

तुझी बैठक त्याच्याच शेजारी. त्याची मूठ तू पाहिलीस का? हो की नाही, तेवढं कळव. त्याचा धाकटा भाऊ इथे माझ्या हाताखाली आहे. किल्ल्याच्या खाली पाण्याचा बुरूज आहे, तिथे डोंगरातल्या बंडखोरांचे बाण रोज येतात. त्या बुरुजावर कुणाला पाठवायचं ते मी ठरवतो. तुझं 'हो' आलं की ठरवीन.

तुझ्या ताईला, मेलिप्पाला सांग, मी जिवंत आहे. दामोनला सांग, मान खाली घालून चालू नकोस.


स्पार्टा, कृत्तिका मावळायला चाळीस दिवस

दाजी,

सोसिलसची मूठ मी पाहिली नाही. शपथेवर सांगतो, नाही पाहिली. त्याच्या भावाला बुरुजावर धाडू नका. देवाशप्पथ धाडू नका, त्या पोराचा यात काही संबंध नाही.

ताई परवा आमच्या दारात आली. दारातूनच ओरडली, "पंधरा बाप्ये! सगळ्यांना ढाली पेलतात, एकाला 'नको' म्हणायला तोंड नाही. त्यासाठी भाकरी लागते! मी बाई असून समोर उभं राहून सांगितलं असतं." रस्त्यावरच्या बायका थांबून ऐकत होत्या. मी आतच उभा राहिलो. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू माझा भाऊ आहेस ना? शोधून काढ." मी म्हणालो, शोधतो.

दामोन व्यायामशाळेजवळ भेटला. त्याच्याबरोबरीचे सगळे आपापल्या पंगतीत बसायला लागले आणि हा अजून लहान मुलांबरोबर लाकडं आणतोय. मला म्हणाला, "मामा, माझ्यात नेमकं काय कमी पडलं ते कळलं तर बरं होईल. सुधारता येण्यासारखं असेल तर सुधारीन." मी म्हटलं, बघतो. त्याची नजर तुम्हाला ठाऊक आहे, समोरच्यावर ठेवली की हलत नाही.

माझं म्हणाल, तर मला वाटतं यात दामोनचा दोष नसावाच. कधी कधी बापाचं पोरावर येतं. तुम्ही लांब आहात, सत्तेच्या जागी आहात. बेटावरच्या काही गोष्टी इथे कानावर येतात. काय ते मला नीट माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण माणसं बोलतात. पंगतीत देवाधर्माचे लोक आहेत, एखाद्याच्या मनात काही बसलं असेल. तेव्हा सोसिलसचा नाद सोडा.


बेट, कृत्तिका मावळायला एकोणतीस दिवस

तेलेस्तासा,

म्हणजे तिकडे पोचलं तर. तू 'नीट माहीत नाही' असं लिहिलंस ते मला सांभाळून घ्यायला, एवढं मला कळतं. तू नेहमीच भला. तुला दुसऱ्यांच्या तोंडून अर्धंमुर्धं कळण्यापेक्षा मीच सांगतो.

उन्हाळ्यात इथे गावात बंड झालं. आमच्या भाल्यांच्या जोरावर जे दहा श्रीमंत इथे राज्य करतात, त्यांच्याविरुद्ध. दोन दिवसांत मोडलं. अकराजण अपोलोच्या देवळात शिरले आणि वेदीला धरून बसले. दहांना ते हवे होते, पण वेदीवरून ओढायची कुणाची छाती होईना. आतल्या अकराजणांना बाहेर यायला माझा शब्द हवा होता. स्पार्टाच्या माणसाचा शब्द इथे अजून चालतो, निदान तेव्हा चालत होता.

मी दारात जाऊन जुळ्या देवांची शपथ घेतली. बाहेर या, म्हणालो, केसालाही धक्का लागणार नाही. ते आले. पहिला एक कुंभार होता, हाताला माती तशीच सुकलेली, दामोनच्याच वयाचा असेल. पायरी उतरताना थांबला आणि त्याने माझे आभार मानले, तेलेस्तासा. मग दहांची माणसं भिंतीमागून आली आणि मी समुद्राकडे तोंड फिरवलं. ते भिंतीमागे आहेत हे मला ठाऊक होतं. शपथ घेतानाही ठाऊक होतं.

मी कुणाला बोललो नाही. माझ्या माणसांना गप्प बसायला सांगितलं. मधे एवढा समुद्र आहे, तिकडे काय जाणार, असं वाटत होतं. रोज सकाळी उठलो की तो आभार मानणारा आवाज आठवतो आणि मी कुणावर तरी ओरडतो.

तर ज्याने गोळा दाबला त्याने बरोबर केलं. असल्या बापाचा पोरगा आपल्या ताटाशेजारी नको, असं वाटणारा एक तरी माणूस आपल्या पंगतीत आहे. सोसिलस असेल तर मी त्याची माफी मागेन. त्याच्या भावाला मी आजच सगळ्यांसमोर माझ्या शेजारी बसवून जेवलो.

कृत्तिका मावळून हिवाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आत निघतो. जहाज ठरवलंय, पाणी-पीठ भरायला घेतलंय. पंगतीच्या दारात उभा राहून स्वतः सगळं सांगेन, माझं नाव काढा आणि पोराचं घाला म्हणेन. एफोर पुढे काय करायचं ते करतील. शपथ मोडून देवळातली माणसं मारायला दिली, त्याला आपल्याकडे काय शिक्षा आहे ते मला माहीत आहे. होऊ दे. पोराने माझ्या पापाचं ओझं घेऊन फिरायला नको.

मेलिप्पाला अजून काही सांगू नकोस.


स्पार्टा, कृत्तिका मावळायला एकोणीस दिवस

दाजी, जहाजावर चढू नका. हे पत्र बंदरात मिळालं तर तिथूनच मागे फिरा.

गोळा मी दाबला.

इथे कुणाला काही ठाऊक नाही. बेटाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. 'माणसं बोलतात' हे मी बनवून लिहिलं, तुमचं लक्ष सोसिलसवरून काढायला, कारण माझ्यापायी त्याचा भाऊ मेला असता. दुसऱ्याला वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्याकडे असं काही सांगण्यासारखं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी अंधारात दगड मारला आणि तो तुम्हाला लागला.

का दाबला तेही सांगतो, आता ठेवून काय करू?

गेल्या वर्षी एलिसच्या मोहिमेत नदी ओलांडताना आमच्यावर हल्ला झाला, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या ओळीतले सात पडले. मी नंतर सापडलो, डोक्याला मार बसून बेशुद्ध होतो असं सांगितलं आणि सगळ्यांनी मला उचलून पाणी पाजलं. मला मार बसलाच नव्हता. पहिला माणूस शेजारी पडला तशी मी ढाल चिखलात दाबली आणि लव्हाळ्यात जाऊन आडवा झालो. तिथून मला सगळं ऐकू येत होतं. आमच्या ओळीतला अनाक्सिलास माझं नाव घेऊन हाका मारत होता. मी तोंडात मूठ घातली. थोड्या वेळाने त्याच्या हाका थांबल्या.

सगळं संपल्यावर पोरं पखाली घेऊन जखमींना पाणी द्यायला आली. दामोन काठाकाठाने आला. लव्हाळ्यापाशी थांबला, वाकला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मग पखाल उचलून पुढे गेला. मागून मी कपाळ दगडावर आपटून घेतलं, थोडं रक्त यावं म्हणून.

तेव्हापासून तो मला भेटला की नमस्कार करतो, "मामा" म्हणतो, एवढंच. कधी काही बोलला नाही. बोलला असता तर मी खोटं ठरवलं असतं, पण तो बोलतच नाही. आता तो पंगतीत येणार, रोज संध्याकाळी समोर बसणार, मरेपर्यंत. कटोरा माझ्यासमोर आला तेव्हा गोळा हातात गोलच होता, दाजी. मी गोलच केला होता. मग बाहेर त्याच्या पावलांचा आवाज आला आणि माझी मूठ मिटली.

आणि नंतर त्याने मलाच विचारलं, माझ्यात काय कमी पडलं?

तुमच्या पत्रातलं मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही येऊन सांगितलंत तर तुम्ही माझ्या खोटेपणापायी मराल. येऊ नका. माझं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं करेन. तुम्ही म्हणालात तर ताईलाही सांगेन, पण ते तेवढं माझ्याने होईल असं वाटत नाही.


बेट, कृत्तिका मावळायला आठ दिवस

तेलेस्तासा,

तुझ्या माणसाने मला धक्क्यावरच गाठलं. जहाजाचं शीड अर्धं चढलं होतं. मी पत्र तिथेच उभ्याने वाचलं.

तुला वाटत असेल मी चिडलो. नंतर चिडलो. आधी मला काय वाटलं ते ऐक. आधी वाटलं, सुटलो. कुणाला माहीत नाही! माझ्या पोराचं आयुष्य तू मुठीत चिरडलंस आणि ते वाचताना मला आनंद झाला. खलाशी विचारत होता, दोर सोडू का? मी म्हणालो, सामान उतरवा.

उतरवलं. मी इथेच आहे. जो माणूस पंगतीच्या दारात सगळं सांगायला निघाला होता, तो 'कुणाला माहीत नाही' एवढ्या तीन शब्दांवर घरी बसला. तेव्हा तुला भेकड म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

काल मी दुसरंच पत्र लिहिलं होतं. तू माझं झाक, मी तुझं झाकतो, एवढंच. पाटीवरचं मेण अजून मऊ होतं. मग वाटलं, आपण दोघे अंगभर पांघरून घेऊ आणि पोरगा उघडा पडेल. अंगठ्याने सगळं पुसलं.

म्हणून सांगतो. नावं वाचायच्या आत पंगतीत उभा राहा आणि सांग. मी स्वतः जे करत नाही ते तुला करायला सांगतोय, हे मला कळतं. तू म्हणशील, दाजी, आधी तुम्ही. म्हण. पण तुझ्या सांगण्याने दामोनला जागा मिळते आणि माझ्या सांगण्याने मिळत नाही. हे मी रात्रंदिवस स्वतःला समजावतोय आणि ते खरंही आहे, तरीपण लाज जात नाही.

सोसिलसचा भाऊ बरा आहे. त्याला वाटतं मी त्याच्यावर फार खूश आहे.


स्पार्टा, कृत्तिका मावळल्या त्या दिवशी

यूथिक्लस दाजींना तेलेस्तासचा नमस्कार.

हे शेवटच्या जहाजाने येतंय. पंगतीतलं बोलणं दाराबाहेर जात नाही, पण तुम्ही पंगतीचेच, म्हणून पोलियारखाला विचारून लिहितो.

परवा काळा रस्सा वाढून व्हायच्या आत मी उभा राहिलो. गोळा माझा होता, म्हणालो. सोसिलसच्या हातातलं अंजीर तसंच राहिलं. मग नदीचं सांगितलं, लव्हाळ्याचं सांगितलं, अनाक्सिलासच्या हाकांचंही सांगितलं. अनाक्सिलासचा भाऊ तिथेच बसलेला. तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी बोलून संपेपर्यंत तसाच उभा होता.

पहिला सोसिलस बोलला. "दोन महिने हे सगळे माझ्याकडे चोरासारखे बघतायत. पोरं मला बघून थुंकतात. आणि तू माझ्या मांडीला मांडी लावून बसायचास आणि रोज माझ्याचकडे मीठ मागायचास!" मी म्हणालो, हो. त्याला बहुतेक मी भांडायला हवा होतो. 'हो' म्हटल्यावर त्याने मिठाचं भांडं उचलून पलीकडे ठेवलं.

पोलियारखाने दामोनला आत बोलावलं. विचारलं, "नदीकाठी लव्हाळ्यात तू तुझ्या मामाला पाहिलंस?"

पोरगा म्हणाला, "मी पाण्याची वाट शोधत होतो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती. लव्हाळ्यात मला कुणी दिसलं नाही."

"नीट आठव," पोलियारख म्हणाला.

"आठवलं. कुणी नव्हतं."

कुणीतरी हसलं. "अरे, ज्याच्या नजरेला भिऊन तू हे सगळं केलंस, त्याने तुला पाहिलंच नव्हतं की!" मी दामोनकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावरची नजर काढून जमिनीकडे नेली. दाजी, त्याने खरंच पाहिलं नव्हतं की मला सोडलं, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी लायकी नाही. कुठलंही खरं असलं तरी मी तेवढाच क्षुद्र होतो.

कटोरा पुन्हा फिरला. माझ्यासमोर आणला नाही. सगळे गोळे गोल निघाले. काल एफोरांनी नावं वाचली. 'दामोन, यूथिक्लसचा मुलगा' हे तिसरं नाव होतं.

माझा निकाल पोलियारखाने दिला. इथलं बोलणं दाराबाहेर जात नाही, म्हणून एफोरांकडे मला कुणी नेणार नाही. बाहेर मी होतो तोच, समान, तेलेस्तास. पण दाराच्या आत रणातून पळालेल्यांचा नियम मला लागू. सगळ्यात खालची जागा माझी, आणि वयाने लहान कुणीही आत आला तरी मी उठून उभं राहायचं. मला वाटलं होतं हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

ताईला काहीच ठाऊक नाही. तिला एवढंच कळलं की मी उठलो, बोललो आणि पुन्हा कटोरा फिरवायला लावला. ती बायकांत सांगत सुटलीय, "माझा भाऊ उभा राहिला पोरासाठी." काल मधाची पोळी घेऊन आली. समोर बसून मला खायला लावली आणि मी खाल्ली.

संध्याकाळी दामोन पहिल्यांदा समान म्हणून पंगतीत आला. मी उठलो. त्याला कुणी नियम सांगितला नसावा, की सांगितला होता, देव जाणे. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "बसा ना, मामा." मला बसता येत नव्हतं. तो आपल्या जागी जाऊन बसेपर्यंत मी उभा होतो आणि तो माझ्याकडे न बघता भाकरी मोडत होता.

जेवताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "वडील कधी येणार?" मी म्हणालो, वसंतात समुद्र उघडला की. तुमचं मी काही बोललेलो नाही, बोलणार नाही. वसंतात तुम्ही आत याल तेव्हा तो उठून उभा राहील, बाप आला म्हणून, आणि तुमच्या 'बस' म्हणण्याची वाट बघेल. ते तुम्हाला म्हणता येईल की नाही, ते मी आता कसं सांगू?